रुळापासून पाच हात

आमच्या घरात घड्याळ नव्हतं असं नाही. नानांच्या कोटाच्या खिशात रेल्वेचं घड्याळ होतं, स्टेशनात भिंतीवर आणखी एक होतं, आणि ती दोन्ही जुळतात की नाही हे पाहण्यात नानांचं निम्मं आयुष्य गेलं. आई मात्र त्या दोघांनाही विचारीत नसे. तिचा भरवसा स्वयंपाकघरातल्या फळीवर होता. गाडी ओढ्यावरच्या पुलाशी आली की आधी हळदीचा लहान डबा किणकिणायचा, मग मिठाच्या बरणीवरची ताटली, आणि सगळ्यात शेवटी पिठाचा मोठा डबा घोगऱ्या आवाजात घुमायला लागायचा. पिठाच्या डब्यानं तोंड उघडलं म्हणजे मालगाडी, नाही उघडलं तर पॅसेंजर. आई हात न थांबवता म्हणायची, "मालगाडी आली गं, दूध उतरव," कारण मालगाडी समोरून गेली की चुलीत इतकी धूळ आणि कोळशाची कणी यायची की दुधाचा चहा व्हायच्या आधीच त्याला चहाचा रंग चढायचा. संध्याकाळी सगळे डबे भिंतीपासून चार बोटं पुढे आलेले असत. ते मागे सारणं हे माझं काम. कुठलीही वस्तू जागच्या जागी राहत नाही, ती रोज थोडी सरकते आणि कोणीतरी ती परत ढकलावी लागते, हे मी पुस्तकांत वाचण्याच्या कितीतरी आधी त्या फळीवर शिकले.

नाना स्टेशनमास्तर होते. स्टेशन कराडच्या खाली, सांगलीच्या वाटेवर. नावाला गावाचं, पण गाव उसातून दोन मैल आत. स्टेशनची इमारत, तिच्या मागे मालधक्का, मालधक्क्यावर गुळाच्या ढेपा भरायला येणाऱ्या वाघिणींसाठी, म्हणजे मालाच्या डब्यांसाठी, एक बाजूचा रूळ, ज्याला सगळे सायडिंग म्हणत, आणि त्या रुळाला खेटून आमचं बिऱ्हाड. दोन खोल्या, पडवी, आणि पुढे अंगण. अंगणाच्या मागे निवडुंगाची दाट रांग असल्यामुळे आमचं घर जे काही पसरायचं ते रुळाच्या दिशेनंच पसरायचं. आणि तिथं नाना उभे असायचे. धुण्याचा दगड कुठं, तुळस कुठं, कुरडयांची खाट कुठं, या सगळ्यांना रुळापासून ठरलेलं अंतर होतं, आणि ते नानांनी नाही तर रेल्वेनं ठरवलेलं होतं. रुळांच्या मधोमध एक रेषा आहे असं मानायचं. त्या रेषेपासून सात फुटांच्या आत जमिनीत रोवलेलं काहीही असता कामा नये. खांब नाही, भिंत नाही, देव असला तरी नाही. लहानपणी मला वाटायचं की ती रेषा खरोखरच असते आणि फक्त रेल्वेच्या नोकरांना दिसते.

नियमांच्या बाबतीत आमच्या नानांची आम्ही पुष्कळ चेष्टा केली. ते देवापुढे उदबत्ती लावतानाही दोन्ही बाजूंना पाहून घेतात, असं माझा मामा म्हणायचा. पण एकदा जेवताना, कोणी न विचारता, त्यांनी सांगितलं होतं की तरुणपणी दुसऱ्या एका स्टेशनात त्यांच्यादेखत रेल्वेचा एक खलाशी वाघिणीच्या बाजूला लोंबकळत, हातात कंदील घेऊन, डबे जोडायला चालला होता. तिथल्या धक्क्याच्या छपराचा एक खांब जरा आत होता. "जरा," एवढंच म्हणाले, आणि ताकाची वाटी पुढे केली. त्यानंतर त्या सात फुटांवर निदान मी तरी कधी हसले नाही.

माझं लग्न सांगलीत ठरलं. मुलगा शाळेत शिक्षक, माणसं चांगली, असं सगळं सांगण्यात आलं. सांगायचं राहिलं ते मुलाच्या काकांबद्दल. काकासाहेब वकील होते. सांगली संस्थानात त्यांना फारसं कोणी विचारीत नसे, म्हणून ते ती कसर लग्नांत भरून काढीत. मला पाहायला आले तेव्हा त्यांनी मला दाराच्या चौकटीला टेकून उभं केलं, आपली काठी माझ्या डोक्यावर आडवी धरली, आणि काठीच्या वर चौकट किती उरते ते पाहिलं. "मुलगी सुबक आहे," ते म्हणाले, "पण उंचीला कमी." नाना म्हणाले, "दार रेल्वेचं आहे. रेल्वे सगळीच दारं उंच करते." नानांच्या तोंडून मी ऐकलेला हा पहिला विनोद. काकासाहेबांना तो खुलासा वाटला, आणि लग्न ठरलं.

लग्न खरं तर वाईला, आमच्या मूळ घरी व्हायचं. पण युद्ध चालू होतं, लष्कराच्या गाड्या अवेळी जात-येत होत्या आणि नानांना रजा मिळेना. तेव्हा स्टेशनच्या अंगणातच मांडव घालायचं ठरलं. आईनं त्याचा फायदा लगेच शोधला. "वऱ्हाड गाडीतून उतरेल ते थेट पाटावर. टांगे नकोत, बैलगाड्या नकोत." साखर मिळत नव्हती, पण गूळ दारातूनच जात होता. महिनाभर आधीपासून नात्यातल्या बायका येऊन बसल्या. पडवीत गव्हले वळणं चालू, अंगणात सांडग्यांच्या खाटा, आणि गाडी आली की सगळ्याजणी हातातलं टाकून खाटांवर लुगडी अंथरायला धावायच्या. गाडी गेली की लुगडी झटकायची. माझ्या रुखवतातल्या पापडांना कोळशाची थोडी चव होती. सांगलीत त्यांना कोणी नावं ठेवली नाहीत, कोणी दुसऱ्यांदा मागितलेही नाहीत.

मांडवाचा पहिला खांब, म्हणजे मुहूर्तमेढ, रोवायच्या दिवशी नाना कामावर होते. लष्कराची गाडी येत होती. जाता जाता ते मामाला बजावून गेले, "मधल्या रेषेपासून सात फूट. टेप कचेरीत आहे." मामा वाईहून खास या कामासाठी आला होता आणि टेप आणायला कचेरीत जाणं त्याला कमीपणाचं वाटलं. मामाचा मोजण्यापेक्षा हिशेबावर विश्वास. "एक हात म्हणजे दीड फूट," तो म्हणाला. "पाच हात धरले की साडेसात. अर्धा फूट रेल्वेला दक्षिणा." यात चुकीचं काहीच नव्हतं. पण गावातून आलेले गुरुजी खांबाला आंब्याचा टहाळा बांधत होते, ते शांतपणे म्हणाले, "हात कुणाचा?"

"हात म्हणजे हात. माझा."

"मांडवातलं माप मुलीच्या हातानं घेतात. बोहलं तिच्या हातानं मोजायचं, तर मेढ तुमच्या हातानं कशी? बोलवा मुलीला."

मला बोलावलं. माझी बोटं गव्हल्यांच्या पिठानं भरलेली होती. मी दोन रुळांच्या मध्ये वाकले, मामानं काटकी ठेवून मधली जागा धरली, तिथं मी कोपर टेकलं आणि पुढे बोटं लांबवली. बोटांच्या टोकाशी मामानं खडा ठेवला. मग त्या खड्यावर कोपर. अशी मी पाच वेळा खडीतून सरकत गेले. कोपराला खडी बोचत होती आणि पडवीतून बायका हसत होत्या. पाचव्या खड्याशी खड्डा खणला, आत हळदकुंकू पडलं, मेढ उभी राहिली, वर फडक्यात नारळ बांधला. मुलगी उंचीला कमी आहे हे ज्यानं त्यानं ज्याला त्याला सांगून झालं होतं. पण त्या मुलीचा हातही तेवढाच कमी असणार, हे त्या दिवशी एकाही शहाण्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. संध्याकाळी नानांनी विचारलं, "मोजलंत ना?" मामा म्हणाला, "वर अर्धा फूट सोडलाय." मामाच्या आवाजात खात्री इतकी असायची की तिच्यापुढे टेप आणणं म्हणजे त्याचा अपमान. नानांनी आयुष्यात एवढ्या एका वेळी टेप आणला नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी देवक बसलं. देवक बसलं की मांडव म्हणजे देऊळच. लग्न होऊन देवक उठेपर्यंत मेढीला कोणी हात लावायचा नाही. सकाळच्या पॅसेंजरनं काकासाहेब तयारी पाहायला पुढे आले होते. वऱ्हाड दुसऱ्या दिवशी यायचं होतं. पडवीत जाजमावर बसून ते पहिला चहा पीत होते आणि गुळाचा आहे म्हणून दुसरा नको म्हणत होते. फळीवरचा एकही डबा वाजला नव्हता, त्यामुळे कोणी येतंय हे कोणालाच कळलं नाही. ट्रॉलीनं डबे वाजत नाहीत.

रेल्वेचा मोठा साहेब ट्रॉलीवर छत्रीखाली बसून आला. मागे दोन माणसं रुळांवरून अनवाणी पळत ट्रॉली ढकलत होती. साहेब पुण्याचा, पण तो मराठी फक्त रागात बोलायचा. त्याच्याबरोबर लाकडाची एक मोठी चौकट होती. ही चौकट ट्रॉलीवर उभी करून रुळावरून नेत. ती ज्याला टेकेल ते बांधकाम नियमाच्या आत शिरलेलं, म्हणजे गुन्हेगार. साहेबानं ती सायडिंगवर घ्यायला सांगितली. धोंडी मुकादम आणि त्याची गँग, म्हणजे रूळ राखणारी माणसं, चौकट हळूहळू ढकलत आमच्या अंगणासमोर आली, आणि चौकटीची कड माझ्या मेढीला लागली. फार जोरात नाही. आंब्याची पानं सळसळली आणि वरचा नारळ जरा हलला, कोणाला तरी नको म्हणाल्यासारखा.

साहेबानं नानांना इंग्रजीत विचारलं की हे काय आहे. नानांनी इंग्रजीत शब्द शोधला, तो मिळाला नाही, म्हणून ते कोटाचं वरचं बटण लावून उभे राहिले. टेप आला. सहा फूट आठ इंच. मग साहेब मराठीवर आला.

"स्टेशनमास्तरच्या दारात? स्वतः स्टेशनमास्तरच्या? दुपारच्या मालगाडीतून या रुळावर दोन वाघिणी लागणार आहेत. त्याच्या आत खांब निघाला पाहिजे. नाही निघाला तर तुम्ही निघाल. समजलं?"

"साहेब, चार इंचांनी काय आकाश कोसळतंय?" मामा पुढे झाला. "वाघीण तिथून कितीतरी लांबून जाते. मी तर म्हणतो—"

"तू काही म्हणू नकोस," नाना म्हणाले. ते मामाशी असं कधी बोलत नसत. "त्या खलाशालाही थोडंच कमी पडलं होतं."

पडवीतून काकासाहेब खाली उतरले. त्यांनी उपरणं नीट केलं, साहेबाला नमस्कार घालावा की साहेबाकडून घ्यावा याचा क्षणभर विचार केला, आणि दोन्ही न करता नानांकडे वळले. "देवक बसलंय, मास्तर. मेढ उपटली तर तो अपशकुन आमच्या घरात येणार. स्पष्ट सांगतो. मेढ निघाली तर उद्या सांगलीहून वऱ्हाड निघणार नाही."

मी दाराआड उभी होते. हातात हिरवा चुडा भरलेला, केसांना तेल. मेढ राहिली तर नाना घरी, मेढ गेली तर मी घरी. आणि या दोन घरी बसण्यांपैकी कुठलं निवडायचं ते नानांवर. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी कोट काढला, घडी करून तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला आणि सरळ मेढीकडे चालू लागले. आईनं पदर तोंडाला लावला. नाना मेढ उपटणार होते, हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं. नोकरीसाठी नव्हे. अंतर कमी होतं म्हणून.

आज मी सांगलीत तिसऱ्या मजल्यावर राहते. शेजारच्या इमारतीची खिडकी माझ्या खिडकीपासून इतक्या जवळ आहे की तिकडे फोडणी घातली की मला शिंक येते. मध्ये किती अंतर सोडायचं याचा नियम आहे, तो कागदावर पाळलेला आहे, आणि त्या कागदावर सह्या करणारे मोठमोठे लोक आहेत. मी चौकशी केली तेव्हा एकानं मला समजावलं, "आजी, थोडंसंच आहे." म्हणून सांगते, नियम मोडणाऱ्यांचं मला कौतुक नाही. माझं भांडण नियमाशी कधीच नव्हतं. नियम खांद्यावर घेऊन मिरवणाऱ्यांशी होतं, आणि त्या सकाळी अंगणात ते दोन होते, एक हॅटवाला आणि एक उपरण्याचा.

मी बाहेर आले.

"नाना, थांबा," मी म्हटलं. मग साहेबाकडे वळले. "साहेब, खांब आणि रूळ यांच्यात सात फूट पाहिजेत, एवढंच नियमात आहे ना? की दोघांपैकी हलायचं कोणी, तेही लिहिलंय?"

साहेबानं हॅट मागे सारून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे?"

"म्हणजे मेढ हलत नाही. रूळ हलतो. रूळ हलवा."

पडवीतल्या बायकांची लाटणी थांबली. हे आज वाचताना काही वाटणार नाही, पण त्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात चळवळीतली, रूळ हलवणारी पोरं तुरुंगात जात होती. रुळाच्या आसपास पहार घेऊन कोणी दिसलं तरी पोलीस उचलून नेत. आणि मी भर दिवसा रेल्वेच्या साहेबालाच रूळ हलवायला सांगत होते.

"रेल्वे तुझ्या लग्नासाठी सरकवायची?" साहेब हसला.

"माझ्या लग्नासाठी नाही, तुमच्या नियमासाठी. मागच्या उन्हाळ्यात त्या वळणावर रूळ बाहेर सरकला होता, तो याच लोकांनी पहारींनी मागे ढकलला. मी इथूनच पाहत होते. पलीकडे मोकळी जमीन आहे. चार इंच तिकडे गेला तर कोणाला लागतो?"

साहेबानं मुकादमाकडे पाहिलं.

"ढकलला व्हता, सायेब," धोंडी मुकादम म्हणाला. "त्यो तर लय लांबवर व्हता. ह्यो सायडिंगचा हलका रूळ. तुमी म्हनशीला तर मालगाडीच्या आदी करतो. न्हाई म्हनशीला तर ऱ्हायलं."

आता मध्ये पडले नाहीत तर ते काकासाहेब कसले. "मास्तर," ते म्हणाले, "मुलगी पाहिली तेव्हाच मला शंका आली होती. उंची कमी आणि जीभ लांब. अधिकाऱ्याशी, चारचौघांत! आधी हिला साहेबांची माफी मागायला लावा. मग पुढचं पाहू."

आई आतून म्हणाली, "आत ये गं." पण तिच्या आवाजात बोलावणं नव्हतं, बोलावल्यासारखं केलं होतं. मी गेले नाही.

"काकासाहेब," मी म्हटलं, "मेढ उपटली तर वऱ्हाड यायचं नाही. मेढ राहावी म्हणून बोलले, तरी वऱ्हाड यायचं नाही. तुम्हाला यायचंय की नाही, ते एकदा नक्की सांगा. आत चुलीवर लाडवांचा पाक चढवायचा आहे. पाक एकदा चढवला की तो कोणाच्या मर्जीसाठी थांबत नाही."

धोंडी मुकादमानं तोंड फिरवून मुंडाशाचं टोक तोंडात धरलं. गँगमधला एकजण उघडच हसला. काकासाहेब नानांकडे पाहत राहिले, आणि मी पण. नाना मेढीपाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. साहेबाकडे पाहून, कामाच्या आवाजात, ते म्हणाले, "सर, मधल्या रेषेपासून सात फूट मिळाले तर माझी काही हरकत नाही." आणि तुळशीपाशी जाऊन त्यांनी कोट परत अंगात घातला.

साहेब का राजी झाला याबद्दल आमच्या घरात पुढे अनेक वर्षं वाद झाले. आई म्हणायची माणूस मनानं चांगला होता. मामा म्हणायचा, आपल्या बोलण्याचा परिणाम. मला तसं वाटत नाही. साहेबाचा चेहरा मी जवळून पाहत होते. एका मास्तरला खांब उपटायला लावण्यात जेवढा अधिकार आहे, त्यापेक्षा खुद्द रेल्वेला सरकायला सांगण्यात जास्त आहे, हे त्याच्या लक्षात आलं, आणि ते येताना मला दिसलं. त्यानं हॅट परत नीट बसवली. "मुकादम," तो म्हणाला, "रूळ घ्या पलीकडे. माझा हुकूम आहे."

मग जे झालं ते पाहायला पडवीतल्या सगळ्या बायका अंगणात आल्या. गँगनं रुळाखालच्या लाकडी स्लीपरांच्या टोकाची खडी उकरली. सगळ्यांनी एका रांगेत उभं राहून रुळाखाली पहारी घातल्या. मुकादम बाजूला उकिडवा बसून एक डोळा मिटून रुळाची कड पाहू लागला. त्यांची एक ओरड असायची. एरवी ती बायकांनी ऐकण्यासारखी नसे. त्या दिवशी मुकादमानं नवी जुळवली.

"नवरीचा हात!"

"हय्या!"

"सायबाचं माप!"

"हय्या!"

"मामाचा हिशेब!"

"हय्याऽऽ!"

प्रत्येक हय्याला लोखंड कण्हायचं आणि तो सगळा सांगाडा, रूळ, स्लीपर आणि सगळं, बोटभर पलीकडे जायचा. मामा हसत होता, पण कमी. मुकादम हात वर करी, टेप लागे, परत पहारी. शेवटी खडी भरून ठोकून झाली आणि चौकट पुन्हा आणली. ती मेढीसमोरून सरकत गेली; फक्त टहाळ्याचं एक पान तिला घासलं. साहेबानं नानांकडे पाहून भुवई वर केली. नानांनी पुढे होऊन ते पान खुडलं आणि खिशात घातलं.

"आता नाही, सर," ते म्हणाले.

दुपारी फळीवर पिठाचा डबा घुमला. मालगाडी आली, इंजिननं दोन वाघिणी सायडिंगवर ढकलल्या. दुसऱ्या वाघिणीच्या कडेला एक खलाशी लोंबकळत होता, तरणा पोरगा. सगळे वाघिणीकडे पाहत होते, मेढीला लागते की काय म्हणून. नाना त्या पोराकडे पाहत होते. तो मेढीपाशी आला, नारळ दिसला म्हणून त्यानं एक हात सोडून कपाळाला लावला आणि पुढे निघून गेला. नानांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला.

त्या दिवशी मांडवात पहिली पंगत धोंडी मुकादमाच्या गँगची बसली. भात, आमटी, कुरडया आणि गरम लाडू. काकासाहेबांना हा क्रम आवडला नाही. आई त्यांना म्हणाली, "आपलंही पान मांडलंय, पण आपण माफीसाठी थांबला आहात ना?" काकासाहेब उठले, हात धुतले आणि दुसऱ्या पंगतीला बसले. त्यांनी पाच लाडू खाल्ले. माफीचा विषय निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड आलं आणि लग्न लागलं. लग्नं लागतातच, त्यात लिहिण्यासारखं फार नसतं. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. आई रडली, मामा तिच्यापेक्षा जास्त रडला. नानांना रडता येत नव्हतं, कारण गाडी सोडायची होती. ते हिरवं निशाण धरून ठरलेल्या जागी उभे होते. गाडी सायडिंगच्या शेजारून पुढे जाताना माझ्या नवऱ्यानं खिडकीतून तो रूळ पाहिला. तोपर्यंत आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललो नव्हतो. त्यांनी आपलं कोपर बाकावर टेकून हात पुढे केला आणि खुणेनं मलाही करायला सांगितलं. दोन्ही हात शेजारी ठेवले. त्यांचा चांगला चार बोटं लांब भरला.

"आपल्या घरात मापं कोणाच्या हातानं घ्यायची?" त्यांनी विचारलं.

"टेपनं," मी म्हटलं.

ते इतक्या मोठ्यानं हसले की पलीकडे डुलकी घेणारे काकासाहेब दचकून जागे झाले.

देवक उठलं, मेढ निघाली, खड्डा बुजला. पावसाळा गेल्यावर साहेबाचा निरोप आला की खांब आता नाही, तेव्हा सायडिंग पूर्ववत जागेवर घ्यावं. मी तेव्हा माहेरी आले होते, म्हणून नानांचं उत्तर माझ्या कानांनी ऐकलं. धोंडी मुकादम पहार घेऊन अंगणात उभा होता. नानांनी टेप मागवला, स्वतः मोजलं आणि टेप गुंडाळत म्हणाले, "नियमात कमीत कमी किती ते लिहिलंय. ते भरतंय. साहेबाला सांग, जास्त झाल्याचा नियम मला सापडला नाही."

"आन् सायेब चिडला तर?"

"तर त्यांना सांग, रूळ हलवायची कल्पना माझी नव्हती. परत हलवायचा असेल तर मुलीला सांगलीहून बोलवावं लागेल."

मुकादम पहार खांद्यावर टाकून हसत गेला. परत कोणी आलं नाही. नाना निवृत्त होईपर्यंत तो रूळ तसाच होता, आणि त्यावरून जाणारी प्रत्येक वाघीण, गुळाची असो की लष्कराची, आमच्या अंगणासमोर आली की जिथं आता काहीच उभं नव्हतं त्या जागेला वाट देत जराशी पलीकडे होऊन जायची.